मधल्या खेळाडूचा गुडघा

त्या मंगळवारी दुपारी स्वयंपाकघरात कोण कोण होतं ते आदी सांगतो. मी होतो. शेजारचा पोर्तुगालचा खेळाडू होता, खुर्चीवर बसलेला, उजवा पाय माझ्या मांडीवर. त्येची बायको होती, दाराला टेकून उभी, कामावर जायचा निळा डगला अंगात. आणि माझी नात होती, तीन वर्साला थोडी कमी, टेबलाखाली वाट्या मांडून खेळत. एवढी चारच माणसं. माझी लेक कारखान्यात गेलेली, जावई डब्लिनला हापिसात. लेक घरात नव्हती, हे मुद्दाम लिवतो. ती असती तर पुढचं काय झालंच नसतं.

नावं कुणाची लिवत न्हाई. मी कोल्हापूरची, चौथीपतूर शिकलेली. आमच्याकडं बायका बी आलो-गेलो म्हणत्यात. लेक पुण्याला शिकाय गेली तवापासनं ती ह्याला हसती. हसू दे. जसं बोलतो तसं लिवतो.

साल २०१६. गाव नावन, आयर्लंडमधलं. शुक्रवारी त्येची मॅच होती. क्लबाची मोठी माणसं बघाय येणार होती, ह्या वय झालेल्या गड्याला आणखी एक वर्स ठेवायचा का न्हाई ते ठरवाय. ठेवला तर क्लबानं दिलेलं घर राहणार, आणि कोच व्हायचा कोर्स अर्धा झालेला तो पुरा होणार. न्हाई ठेवला तर दोन्ही गेलं. आणि मंगळवारी गुडघा सुजून नारळाएवढा झालेला.

मी तितं कशी पोचलो ते सांगाय पायजे.

पयल्यांदा गेलो ते २०१४ साली. नात आठ महिन्यांची होती आणि लेकीची रजा संपलेली. दवाखान्यात लागणाऱ्या बारीक नळ्या बनवायच्या कारखान्यात ती इंजिनेर हाय. बघायला आलेल्या आईबापाला तिकडं एका खेपेला तीन महिनेच राहू देत्यात. म्हणून दर वर्साला तीन महिने, अशी मी सहा वर्सं गेलो. विमानात बसायचं, पोरगी सांभाळायची, परत यायचं. कामाला जावं तसं.

त्या कॉलनीतली घरं सगळी एकासारखी एक. चौथ्या दिवशी नातीला ढकलगाडीतनं फिरवून आणलं आणि उघडं दार बघून आत शिरलो. तर आत जिन्याजवळ फरशीवर एक बाप्या उताणा पडलेला. पाय जिन्याच्या पायरीवर, गुडघ्यावर गार वाटाण्याची पिशवी. तो माझ्याकडं बघतोय, मी त्येच्या गुडघ्याकडं. दोन्ही अंगाला जुन्या टाक्यांच्या रेघा, वाटी जाग्यावर नसल्यागत. असला गुडघा मी जन्मभर बघितलेला.

"फुटबॉल?" मी इचारलं.

"फुटबॉल," तो म्हणला.

"हाफ?"

त्येला ते कळलं न्हाई. मी हवेत मैदान काढलं आणि मधी बोट ठेवलं. तवा तो उठून बसला आणि हसाय लागला. घर चुकलेली म्हातारी दारात उभी, आणि ती त्येला मैदानातली त्येची जागा दावतीया.

मालक, म्हंजे माझे नवरे, आमच्या पेठेच्या संघात हाफ होते. कोल्हापुरात फुटबॉल म्हंजे काय ते तितल्याच माणसाला ठावं. पेठ पेठेशी खेळती. मॅच असली की निम्मं गाव मैदानावर, आणि हरलं की दोन दिस कुणी कुणाशी धड बोलत न्हाई. पण खांद्यावर घेऊन नाचवत्यात ते गोल करणाऱ्याला. मधल्याला कोण घेत न्हाई. मालक म्हणायचे, हाफनं पायानं न्हाई, मानेनं खेळायचं. बॉल यायच्या आदीच मागं-पुढं बघून ठेवायचं.

सूतगिरणीत पाळी करून त्येंनी खेळ केला. गुडघा गेला तरी दोन वर्सं रेटला. मग पेठेतल्या पोरांना शिकवत बसले, फुकट. गिरणी बंद पडली. घर मी चालवलं, पैंजणाच्या कड्या जोडून. चांदीच्या बारीक कड्या असत्यात, जाळावर धरून डाक देऊन सांधायच्या. आदी बोटांची कातडी गेली, मग डोळे गेले. सगळ्यांचंच असं काय ना काय जातं. गुडघ्यातलं मला का कळतं तेवढं सांगाय हे लिवलं. थंडीत मालकांच्या गुडघ्याला मी बिबा लावायचो. चार दिसांत सूज उतरायची. मालक वारले तोपतूर लावत होतो, त्येंना कवाच काय झालं न्हाई.

हा शेजारचा गडी मालकांपेक्षा लई मोठं खेळलेला. तिकडं पोर्तुगालमधी मोठाल्या मैदानात, टीव्हीवर. तिथनं सायप्रस, मग रोमानिया, मग पोलंड, मग हितं. त्येची बायको बोटावर मोजून दाखवायची. एकेक देश म्हंजे जिन्याची एकेक पायरी खाली, आणि दर पायरीला गुडघ्याचं एक ऑपरेशन. हितला क्लब म्हंजे शेवटची पायरी. शुक्रवारी संध्याकाळी मॅच, बघाय थोडी माणसं, त्यातली निम्मी पावसानं भिजलेली.

बायको म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला होती. उचलायचं, धुवायचं, भरवायचं. आमी दोघी कुंपणावरनं बोलायचो. तिला इंग्रजी जेमतेम, मला त्याच्या निम्मं. पण साबण म्हटलं की तिला कळायचं, चावी कळायची, बटाटा कळायचा. जावई म्हणले, "आई, हे शब्द आपणच त्यांच्याकडून घेतलेत." मी म्हटलं, घेतले असतील, परत मागाय तर कोण आलं न्हाई. तो गडी मला "आवो" म्हणायचा, त्येंच्यात आजीला तसं म्हणत्यात. आमच्या कर्नाटकाच्या सीमेकडच्या घरांत आजीला अव्वा म्हणत्यातच, त्यामुळं परकं वाटलं न्हाई.

२०१५ साली गेलो तवा तो जिना आडवा होऊन उतराय लागलेला. मालक तसेच उतरायचे. मला बघवलं न्हाई. तिळाचं तेल कोमट करून मी त्येचा गुडघा चोळाय घेतला. लेक चिडली.

"आई, तो प्रोफेशनल प्लेअर आहे. क्लबचा फिजिओ असतो त्यांना. तू कशाला मध्ये पडतेस?"

"तेल लावतोय. बाकी काय न्हाई."

जावई हसून म्हणले, "आई, आता क्लबकडून जर्सी मागून घ्या. पाठीवर 'आजी' लिहून."

तेलानं त्येला बरं वाटलं. का बसून कुणीतरी पाय हातात घेतंय ह्यानं बरं वाटलं, देव जाणे. त्या वर्सी तो बऱ्याच मॅच खेळला. जावयानं एकदा नेलं बघाय. मला गोलबिल काय दिसला न्हाई, डोळे असले. पण त्येची मान दिसली. बॉल यायच्या आदी इकडं, तिकडं. मी जावयाला म्हटलं, हा शिकलेला हाफ हाय.

आता त्या मंगळवारचं.

बायकोनंच त्येला धरून आणला. ती म्हणली, फ्रायडे. तो गुडघ्याकडं बघून म्हणला, फ्रायडे. फिजिओनं बर्फ दिला होता आणि म्हणला होता की शुक्रवारी बघू. बघू म्हंजे न्हाईच. मला ठावं होतं की तेलानं हे उतरायचं न्हाई.

बिबे मी पयल्या खेपेला आणलेले, उशिरा का हुईना म्हणून लेकीच्या बाळंतपणाच्या सामानात. डिंक, अळीव, सुंठ आणि त्यात पुरचुंडीत सात-आठ बिबे. लेकीनं ते बघून "हे कशाला गं" म्हणून वरच्या प्रेसमध्ये टाकलेले. तिकडं कपाटाला प्रेस म्हणत्यात. मी खुर्चीवर चढून ती पुरचुंडी काढली.

ज्येंनी बघितला न्हाई त्येंच्यासाठी सांगतो. बिबा म्हंजे काळं, बदामाच्या आकाराचं, कडक बी. सुईला टोचून जाळावर धरलं की त्येचं तेल सुटतं, काळं, चिकट. ते दुखऱ्या जागी टिपक्या-टिपक्यानं लावायचं. आतनं गरम पडतं आणि सूज ओढून घेतं. पण कुणाकुणाच्या अंगाला तो सोसत न्हाई. मग उततो, फोड येत्यात, अंग भाजल्यागत होतंय. म्हणून नव्या माणसाला लावायचा तर आदी कोपराच्या आतल्या अंगाला एक टिपका लावून दोन दिस बघायचं, अशी आमच्याकडं रीत हाय.

ही रीत मी विसरलो न्हाई. विसरलो असं म्हटलं तर खोटं होईल. दोन दिस बघत बसलो तर शुक्रवार हातचा जातोय, असं मनात धरलं. आणि दुसरं म्हंजे, मालकांच्या गुडघ्याला चालला तो ह्येच्या गुडघ्याला बी चालंल, असं वाटलं. दोन वर्सं तो पाय मांडीवर घेऊन घेऊन मला तो गुडघा मालकांचाच वाटाय लागला होता.

त्येनं इचारलं, हे काय? मी म्हटलं, "मेडिसिन. इंडिया." त्येच्या बायकोनं पुढं होऊन वास घेतला आणि नाक मुरडलं. तो म्हणला, "ओके, आवो."

मी लावला. वाटीच्या चारी अंगानं. थोडका न्हाई, चांगला लावला.

बुधवारी तो कुंपणापाशी आला, सूज थोडी उतरलीय म्हणून अंगठा दावला. खाजवत होता. मी म्हटलं, "नो, नो," हात लावू नको. रातभर त्येनं खाजवलं असणार.

बेस्तरवारी सकाळी बायको दार बडवत आली. मी तशीच धावलो. गुडघ्यावर पाणी भरलेले फोड, एकावर एक. मांडीपतूर लाल. आणि तोच हात त्येनं तोंडाला लावलेला, एक डोळा पुरता मिटलेला. मी परत घरात पळालो, खोबरेल आणि तीळ आणाय. बिबा उतला की खोबरेल लावत्यात, तीळ-खोबरं खायला देत्यात. लेक कामावर निघालेली, तिनं माझ्या हातात बाटली बघितली.

"आई, काय झालं? काय लावलंस तू त्याला?"

"बिबा."

तिच्या लहानपणी तिच्या मामीला उतलेला, तिनं बघितलेला. तिनं माझ्या हातातली बाटली काढून घेतली. "आता काहीही लावायचं नाही. काहीही."

जावयानं त्येला गाडीत घालून दवाखान्यात नेला. पट्ट्या बांधल्या, गोळ्या दिल्या. डॉक्टरला कळंना हे भाजलंय का काय झालंय. क्लबाचा माणूस बी तितं आला. त्येंच्यात खेळाडूनं अंगाला काय लावलं, पोटात काय घेतलं, सगळं क्लबाला सांगावं लागतं. बंदीचं औषध असलं तर क्लब अडचणीत येतो. त्येनं इचारलं, काय लावलं? कुणी दिलं?

हा गडी म्हणला, "कुणी न्हाई. माझ्या गावाकडचं हाय, झाडपाल्याचं. मीच लावलं."

जावई शेजारी उभे होते. त्येंनी ते ऐकलं आणि गप राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर त्येंनी सांगितलं. मी म्हटलं, उद्या मला क्लबात न्या, मी सांगतो की मी लावलं. लेक माझ्यापुढं येऊन बसली.

"आई, ऐक. तू इथे व्हिजिटर आहेस. तू दुसऱ्याच्या अंगाला औषध लावलंस, तेही तो खेळाडू असताना. उद्या कुणी केस केली तर? आमचा सिटिझनशिपचा अर्ज गेलाय."

"मग त्येच्यावर आलं त्येचं काय?"

"त्याने स्वतः ठरवलं ते. मी त्याला तसं सांगायला लावलं का?"

"तू न्हाई लावलंस. पण आता गप बसाय लावतीयास."

ती रडाय लागली. पदरात बारकी पोर, कर्जाचं घर, तिकडची नोकरी. मला तिचं कळत होतं. मी गप बसलो. हे बी मुद्दाम लिवतो. बिबा लावला ती एक चूक, गप बसलो ती दुसरी. पयली घाईची होती. दुसरी मी बसून, इचार करून केली.

शुक्रवारची मॅच त्येच्याबिगर झाली. पंधरा दिसांनी क्लबानं सांगितलं की पुढल्या वर्सी ठेवत न्हाई. वय झालंय असं म्हणले असते तर बरं होतं. पण म्हणले, न इचारता अंगाला काय बी लावून घेणाऱ्या माणसाचा भरवसा धरता येत न्हाई. माझे तीन महिने भरले, मी निघालो. कातडी भरून आलेली, काळे डाग राहिलेले. त्या वर्सी तो परत मैदानात उतरला न्हाई, हे मला फोनवर कळलं. निरोपाची मॅच झाली न्हाई, कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. मालकांना निदान पेठेनं फेटा बांधला होता.

२०१७ ला गेलो तर शेजारच्या घरात दुसरीच माणसं. हे दोघं गावातच एका दुकानाच्या वरल्या दोन खोल्यांत गेलेले. तो सकाळी अळंब्यांच्या शेडमध्ये जायचा. अंधाऱ्या शेडमधी फळ्यांच्या माळ्यावर माळे, वाकून-वाकून अळंब्या खुडायच्या. गुडघ्याला ह्यापेक्षा वाईट काम न्हाई. आणि संध्याकाळी तिथल्या पोरींना फुटबॉल शिकवायचा, पैशाबिगर. कोर्स पुरा कराय कुठला तरी संघ हाताखाली लागतो, म्हणून. तो कोर्स त्येनं तसा पुरा केला.

मी नातीला घेऊन मैदानाच्या कडंला बाकावर जाऊन बसायचो. तो पोरींना मधी उभं करायचा, आणि मागनं आपण बोटं वर करायचा. बॉल पायात यायच्या आदी पोरीनं मान वळवून किती बोटं ते सांगायचं. न्हाई सांगितलं की बॉल परत. पोरी वैतागायच्या. एक म्हणली, "कोच, मला मान हाय, घुबडाची न्हाई." त्या दिशी लेक बी आलेली, तिनं मला ते मराठीत सांगितलं तवा मी लई दिसांनी हसलो.

माझ्याशी तो पयल्यासारखाच. "आवो" म्हणायचा, नातीला उचलायचा. मला त्येनंच जास्ती वाईट वाटायचं.

मॅनेजर पायजे म्हणून क्लबांच्या जागा निघत्यात, तो अर्ज करायचा. तिकडं मॅनेजर म्हंजे संघाचा सगळा भार ज्येच्यावर तो. दोन ठिकाणी बोलणं पक्कं होत आलं. मग नव्या क्लबातनं जुन्या क्लबाला फोन गेला, आणि पुढं काय न्हाई. बायकोनं मला भाजीच्या दुकानात गाठून सांगितलं. तिकडं एखाद्याचं नाव न घेता "युवर मॅन" म्हणत्यात, आपण "आपला तो" म्हणतो तसं. तर ह्येचं नाव पडलेलं "युवर मॅन विथ द नी." आपला तो, गुडघ्यावाला. ज्येनं आपल्याच हातानं आपला पाय जाळून घेतला तो. असल्या माणसाच्या हातात पंचवीस जणांचे पाय कोण देणार?

ती मला बोलली न्हाई की तुझ्यामुळं. नुसतं सांगितलं आणि बटाटे पिशवीत भराय लागली.

२०१८ ला लेकीचा पासपोर्ट झाला. मोठ्या हॉलमध्ये शपथ घेतली, सगळ्यांनी फोटो काढले. घरी आल्यावर मी म्हटलं, आता सांगू या.

"आई, आता काय उपयोग? दोन वर्षं झाली. आणि त्याला काम मिळालंय ट्रलीला. चांगलं चाललंय त्याचं."

ते खरं होतं. ट्रलीकडचा एक बारका क्लब, मॅनेजर अर्ध्यातनं सोडून गेलेला, घाईत ह्येला घेतलेला. बायकोला तिथल्या मोठ्या दवाखान्यात काम मिळालं. तिचा फोन आला तवा ती आनंदात होती. मी परत गप बसलो. मनाला म्हटलं, मिळालं न्हवं काम, मग झालं.

२०१९ ही माझी शेवटची खेप. डॉक्टर म्हणले होते, ह्यापुढं एवढा लांबचा विमानाचा प्रवास नको. मी लेकीला म्हटलं, मला ट्रलीला न्यायचं. चार तास गाडीत बसलो. नातीला दोन वेळा उलटी झाली. पोचलो तर बारीक पाऊस, आणि मैदानावर माणसं एवढुशी. त्या भागात दुसऱ्याच खेळाचं येड हाय, फुटबॉल बघाय येणारे थोडे.

मॅचच्या आदी चहा देणारा एक म्हातारा होता, गळ्यात क्लबाची पट्टी. क्लबाचाच माणूस दिसतोय म्हणून मी त्येला गाठलं. लेक नातीला तोंड धुवाय घेऊन गेलेली. मी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "नी. मी. नॉट ही." म्हंजे गुडघा, मी केलं, त्येनं न्हाई. सहा वर्सांतलं सगळं इंग्रजी त्यात घातलं. त्येनं मान हलवली, "अरे देवा" असल्यागत तोंड केलं, आणि पळत जाऊन मला खुर्ची आणून दिली. वर एक पांघरूण. म्हणला, "ग्रँड?" म्हंजे आता बरं हाय का. त्येला वाटलं म्हातारीचा गुडघा दुखतोय. दुखत होताच. मी बसलो.

तो रेषेवर उभा होता, गुडघ्यापतूर लांब कोट, हात खिशात. वरडत न्हाई. मधल्या पोराकडं बघून नुसती मान वळवायचा, इकडं, तिकडं. ती पोरं काय शिकली न्हाईत. हरली.

मॅच झाल्यावर चहाच्या खोलीत आमी बसलो. तो, त्येची बायको, मी आणि लेक. त्येचं तोंड उतरलेलं. म्हणला, हंगाम संपला की ह्या क्लबातनं जायचं ठरलंय. डब्लिनजवळ, डून लेरीच्या अंगाला, एका क्लबानं भेटाय बोलवलंय. बरा क्लब हाय, पोरं बरी हाईत.

"मग?" मी लेकीला इचाराय सांगितलं.

"मग फोन जाणार," तो म्हणला. "दर वेळी जातो."

मी लेकीला म्हटलं, "सांग त्येला. मी त्येंना सांगतो की मी लावलं. मी बोलतो तसंच सांग."

लेकीनं सांगितलं. तिचा आवाज लहान झालेला. तो हसला, पण हसण्यात जीव नव्हता. म्हणला, "आवो, तीन वर्सं मी एकच गोष्ट सांगतोय. आता दुसरी सांगितली तर वर खोटारडा ठरतो."

"तू नको सांगूस. माझ्या तोंडनं आलं तर?"

बायकोच म्हणली, "तुझ्या तोंडनं आलं तर येगळं."

मग मी इचारलं. ते इचारायलाच मी चार तास आलो होतो. "माझ्यामुळं तुझा खेळ गेला का?"

लेक म्हणली, "आई, हे नको." पण त्येला माझ्या तोंडावरनं कळलं होतं. त्येनं कप खाली ठेवला. हळूहळू, मला समजावं म्हणून सोप्या शब्दांत म्हणला, "गुडघा जाणारच होता. सहा महिने, वर्स. तुझ्यामुळं न्हाई." मग म्हणला, "पण ती शुक्रवारची मॅच मला पायजे होती."

त्येनं गोड बोलून टाळलं न्हाई, हे मला बरं वाटलं. तो निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. जिना न्हवता, सपाट वाट होती, तरी आडवाच चालत गेला.

परत येताना गाडीत लेक म्हणली, "मी लिहून देते, आई. क्लबला मेल करते." मी म्हटलं, कर. मी कोल्हापूरला आलो त्याला आता चार महिने होत आले. फोनवर इचारलं की म्हणती, या आठवड्यात. मी तिला बोल लावत न्हाई. तिला तिकडं राहायचं हाय, तिचं नाव त्या कागदाखाली येणार. त्या डून लेरीच्या क्लबाचं काय झालं ते बी मला कळलं न्हाई. ठरलं नसंल अजून. किंवा फोन गेला असंल.

म्हणून मी हे लिवलं. पाच-सहा दिस लागले, डोळ्याला पाणी येतं.

हे ज्येच्या हातात पडंल त्येला माझं एवढंच मागणं हाय. तुमाला इंग्रजी लिवता येत असंल, तर पुढच्या दोन ओळी इंग्रजीत करून आयर्लंडच्या फुटबॉलमधल्या ज्या कुणाला पोचवता येतील त्येला पोचवा. २०१६ साली नावनमधी त्या पोर्तुगालच्या मधल्या खेळाडूच्या गुडघ्याला बिबा मी लावला, कोल्हापूरच्या म्हातारीनं. त्येला ते काय हाय ठावं नव्हतं, आणि त्येनं इचारलं तवा मी त्येला धड सांगितलं न्हाई.